मुलांची एटीव्ही पुन्हा पुन्हा बंद पडते? कार्ब्युरेटर खोलण्याआधी ती कधी बंद पडते ते लिहून काढा

लेकीची ११० सीसीची छोटी एटीव्ही, म्हणजे मातीत-खडबडीत वाटेवर चालवायची चारचाकी, मी एका हंगामात चार वेळा उघडली. तक्रार दर वेळी एकच, "बाबा, परत बंद पडली." उपायही दर वेळी एकच. कार्ब्युरेटर काढायचा, धुवायचा, जेटमधून, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकांच्या पितळी तुकड्यांतून, हवा मारायची, परत बसवायचा. गाडी स्टार्ट व्हायची, लेक खूश, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पाचव्या खेपेला मी पाना हातात घेतला नाही, वही घेतली. महिनाभराच्या नोंदींवरून कळलं की "बंद पडते" या एकाच तक्रारीखाली दोन वेगळे बिघाड लपले होते. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि कार्ब्युरेटर धुतल्याने त्यातला फक्त एकच, तोही तात्पुरता, जात होता.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे आणि जे दर महिन्याला तोच कार्ब्युरेटर काढून बसतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी कोणत्या गाडीबद्दल बोलतोय ते सांगतो. ७० ते १२५ सीसीच्या बहुतेक साध्या एटीव्हींत एकच सिलिंडर असलेलं, हवेने थंड होणारं, फोर-स्ट्रोक इंजिन असतं. सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला असतो. होंडाने १९५८ मध्ये आणलेल्या सुपर कबपासून ही मांडणी चालत आली आहे, आणि आजही असंख्य छोट्या इंजिनांत तीच वापरतात. पुढची मापं या जातीच्या इंजिनांची आहेत. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. ५० सीसीच्या काही गाड्या टू-स्ट्रोक असतात. त्यांना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायचे स्क्रू, नसतात, त्यामुळे टॅपेटचा भाग त्यांना लागू नाही.

वहीत काय लिहायचं

गाडी बंद पडली की लगेच, तिथल्या तिथे, पाच-सहा गोष्टी टिपा. त्याआधी ती किती दिवस उभी होती? इंजिन थंड होतं की गरम? स्टार्ट झाल्यापासून किती मिनिटं चालली? बंद पडताना स्विच दाबल्यासारखी एकदम तुटली की अडखळत, गुदमरत गेली? चोक ओढल्यावर फरक पडला का? आणि किती वेळाने परत स्टार्ट झाली? संध्याकाळी आठवून लिहू नका. चालवणाऱ्या मुलालाच विचारा. मुलं गाडीचा आवाज फार बारकाईने ऐकतात. "आधी पुढे जाईना, मग थरथरली, मग गेली" हे लेकीचं वाक्य मला मल्टीमीटरपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

माझ्या वहीत दोन चित्रं स्पष्ट दिसली.

पहिलं: गाडी दोन आठवडे उभी. इंजिन थंड. चोक ओढला की स्टार्ट होते, चोक सोडला की मरते. हळूहळू रेस दिली तर चालते, पण आयडलिंगला थांबत नाही.

दुसरं: गाडी वीस-पंचवीस मिनिटं छान चालली. लेकीने पाणी प्यायला थांबवली. परत सेल्फ मारला तर इंजिन फिरतंय, नेहमीपेक्षा जरा जास्तच सैल फिरतंय, पण स्टार्ट होत नाही. चोक ओढा, सोडा, काही फरक नाही. पाऊण तासाने, कोणी काही न करता, पहिल्याच सेल्फला स्टार्ट.

या दुसऱ्या चित्रावर मी बराच वेळ थांबलो. कार्ब्युरेटर काढून, धुऊन, बसवायला मला तासभर लागायचा. त्या तासाभरात इंजिन थंड होत होतं. गाडी स्टार्ट व्हायची ती इंजिन थंड झालं म्हणून, आणि श्रेय मी कार्ब्युरेटरच्या सफाईला देत होतो. म्हणून कळकळीने सांगतो, गरम असताना बंद पडलेल्या गाडीवर कोणताही उपाय करण्याआधी एकदा काहीही न करता तासभर वाट पाहा. नुसती थंड होऊनच ती स्टार्ट होत असेल, तर तुमच्या उपायाने ती बरी झाली हे सिद्धच होत नाही.

थंडपणी चोकवरच चालते: स्लो जेट, आणि त्यात कचरा येतो कुठून

चोक ओढल्यावरच चालणाऱ्या इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत असतं. आयडलिंगचं पेट्रोल स्लो जेटमधून येतं, आणि त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या भांड्यात, पेट्रोल साठून सुकलं की चिकट थर उरतो आणि सगळ्यात आधी हेच भोक बुजतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल धरतं. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. फ्लोट चेंबरच्या तळाला स्क्रू असतो. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून तो सैल करा आणि निघालेलं पेट्रोल पांढऱ्या वाटीत घ्या. पाणी असेल तर वाटीच्या तळाशी त्याचे गोळे इकडेतिकडे पळताना दिसतात. कचरा असेल तर काळे किंवा तांबूस कण दिसतात. कण काळे आणि मऊ असतील तर रबराचे, तांबूस आणि खरखरीत असतील तर टाकीतल्या गंजाचे. टाकी प्लॅस्टिकची असेल तर गंजाचा प्रश्नच येत नाही, आणि या गाड्यांत ती बहुधा प्लॅस्टिकचीच असते.

माझ्या वाटीत काळे, मऊ कण होते. फिल्टर मात्र स्वच्छ. याचा उलगडा मला लवकर झाला नाही. फिल्टर टाकीच्या अगदी जवळ बसवलेला होता आणि त्याच्या खालचा, कार्ब्युरेटरपर्यंतचा पाइप मूळचाच होता. तो काढून ब्लेडने उभा चिरला तर आतलं अस्तर भेगाळून भुगा सुटत होता. म्हणजे कचरा फिल्टरच्या नंतर तयार होत होता, आणि मी दर वेळी जेट धुऊन त्याच पाइपला जोडत होतो. पेट्रोलसाठीच बनवलेला नवा पाइप घातला, फिल्टर कार्ब्युरेटरजवळ आणला, बाण पेट्रोलच्या वाहण्याच्या दिशेने ठेवला, आणि पहिलं चित्र वहीतून गायब झालं. स्लो जेट चोंदत असेल तर फिल्टरपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा तो वीतभर पाइप आधी चिरून पाहा.

नवा पाइप बसवताना तो गरम इंजिनाला टेकत नाही ना आणि वरचं प्लॅस्टिकचं अंग बसवल्यावर दुमडत नाही ना, हे पाहा. प्लॅस्टिक उतरवलेलं असताना सरळ दिसणारा पाइप, प्लॅस्टिक चढवलं की त्याखाली चेपतो. मग गाडी उघडून पाहिली तर ठीक, झाकली की बंद, असा वेड लावणारा बिघाड होतो.

आता सफाई. जेट धुणं सोपं आहे, पण अर्धवट धुणं त्याहून सोपं आहे. फ्लोट, नीडल आणि सगळे रबरी भाग आधी बाजूला काढा, कारण क्लीनरच्या स्प्रेने रबर फुगतं. आयडलिंगच्या मिश्रणाचा जो छोटा स्क्रू बाजूला असतो तो काढण्याआधी हळूच आत फिरवा आणि किती फेरे आत गेला ते मोजून लिहा. तळाला टेकला की थांबा. जोर लावला तर त्याचं टोक बसतं आणि मग तो कधीच नीट सेट होत नाही. साधारण दीड फेरा बाहेर ही सुरुवातीची जागा बऱ्याच छोट्या कार्ब्युरेटरांना चालते, पण तुमचा स्वतःचा मोजलेला आकडा त्याहून बरा. स्क्रूबरोबर स्प्रिंग, बारीक वॉशर आणि ओ-रिंग निघते. वॉशर हरवतो तो इथेच, म्हणून खाली पांढरं कापड अंथरा.

जेटमध्ये सुई किंवा स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि ते परत लहान करता येत नाही. नायलॉनच्या ब्रशचा एखादा केस चालतो. धुतलेला जेट उजेडाकडे धरा. पूर्ण गोल ठिपका दिसायला हवा, अर्धा चंद्र दिसला तर अजून काम बाकी आहे. जेट मोकळा झाला तरी कार्ब्युरेटरच्या अंगातली वाट बंद असू शकते. मिश्रणाच्या स्क्रूच्या भोकातून स्प्रे मारल्यावर तो आतल्या नळीतल्या बारीक भोकांतून बाहेर यायलाच हवा. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवाच. स्प्रे कुठल्या भोकातून उलटा येईल ते आधी कळत नाही. पेट्रोल उघडं असेल तिथे ज्योत, हीटर, ठिणगी उडवणारं हत्यार, काहीही नको, आणि मुलं लांब.

हे सगळं करूनही चोकवरच चालत असेल तर इंजिन कुठूनतरी जादा हवा घेतंय. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक जाड काळा तुकडा आणि ओ-रिंगा असतात. ओ-रिंग चपटी झाली की हवा शिरते. गाडी आयडलिंगला, गरज पडली तर चोकवर, चालू ठेवून त्या सांध्यावर बाटलीने साबणाचं पाणी फवारा. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरते आहे. यासाठी पेट्रोल किंवा क्लीनरचा स्प्रे वापरण्याची सवय अनेकांना असते. गरम सायलेन्सरशेजारी मी ते करणार नाही. आणखी एक, कार्ब्युरेटरचे दोन नट जिवाच्या आकांताने आवळले की त्याचा पातळ कानच, म्हणजे नट बसतात ती कड, वाकतो आणि मग नवी ओ-रिंगही हवा थांबवू शकत नाही. काचेच्या सपाट तुकड्यावर कान टेकवून पाहा. डुगडुगला तर त्याच काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो सपाट करता येतो.

गरम झाली की स्टार्टच होत नाही: टॅपेट

मी सर्वांत जास्त उशीर केला तो इथे. या छोट्या गाड्यांच्या मालकांपैकी फार थोडे जण टॅपेट कधी तपासतात.

इंजिन गरम झालं की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो. त्यासाठी व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात थोडी फट ठेवलेली असते. या जातीच्या बहुतेक इंजिनांत ती थंड असताना ०.०५ मिमीच्या आसपास असते. केस साधारण तेवढाच जाड असतो. चालून चालून व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत थोडा थोडा खोल बसत जातो आणि फट कमी होते. एक दिवस ती इतकी कमी होते की थंड असताना व्हॉल्व्ह पूर्ण मिटतो, पण गरम झाल्यावर दांडा लांबला की रॉकर त्याला जरासा उघडाच धरून ठेवतो. मिटत नाही म्हणजे कॉम्प्रेशन, सिलिंडरमधला दाब, नाही, आणि कॉम्प्रेशन नाही म्हणजे गाडी स्टार्ट होणार नाही. सेल्फ नेहमीपेक्षा सैल फिरत होता त्याचं कारण हेच. चालू असताना वेगामुळे इंजिन कसंबसं तग धरतं, पण थांबवलं की संपलं.

फसगत अशी की टॅपेट सैल असले तर टिकटिक आवाज येतो आणि सगळे घाबरून तपासतात. घट्ट झालेले टॅपेट आवाज करत नाहीत. लेकीच्या गाडीचं इंजिन आधीपेक्षा शांत झालं होतं आणि मला त्याचा आनंद वाटत होता. हवेने थंड होणारं छोटं इंजिन अचानक गोड, शांत वाजायला लागलं तर टॅपेट तपासा. घट्ट टॅपेटवर गाडी दामटत राहिलं तर गरम वायू व्हॉल्व्हच्या कडेवरून निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो, विशेषतः एक्झॉस्टचा. मग अर्ध्या तासाचं काम हेड उतरवण्यावर जातं.

कॉम्प्रेशन गेज मिळत असेल तर एकदा थंड आणि एकदा गाडी गरम होऊन बंद पडल्यावर लगेच, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून मोजा. यात नुसत्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांतला फरक महत्त्वाचा. गेज नसेल तर थेट टॅपेट पाहा, काम तेवढंच आहे.

इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभं राहिलेलं. स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरेल. सिलिंडर हेडवर वर आणि खाली गोल झाकणं असतात, वरचं इनटेकचं, खालचं एक्झॉस्टचं. दोन्ही उघडा. डाव्या बाजूच्या कव्हरवर दोन झाकणं असतात. मधल्या मोठ्यातून पान्याने फ्लायव्हील फिरवायचं आणि छोट्यातून खूण पाहायची. डावीकडून पाहताना या इंजिनांचं फ्लायव्हील सहसा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं, त्याच दिशेने फिरवा. फ्लायव्हीलवरची टी अक्षराची रेघ कव्हरच्या खाचेसमोर आली की थांबा आणि दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहा. दोन्ही किंचित सैल असतील तर जागा बरोबर. एखादा ताणलेला वाटला तर फ्लायव्हील अजून एक पूर्ण फेरा फिरवा. टीची रेघ दर फेऱ्याला समोर येते, पण व्हॉल्व्ह दोन्ही मिटलेले असतात ते एकाआड एक फेऱ्याला. ही चूक करून टॅपेट लावले तर होतं तेही बिघडतं. टॅपेट फारच घट्ट असतील तर बरोबर जागीही सैलपणा जाणवणार नाही. अशा वेळी आधी इनटेकचा रॉकर खाली जाऊन वर आलेला पाहा, आणि त्यानंतर येणाऱ्या पहिल्या टीवर थांबा.

आता फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या जुडीतलं, ०.०५ मिमीचं पान फटीत सरकवा. माझ्या गाडीत इनटेकला ते घासत का होईना गेलं. एक्झॉस्टला ०.०३ चं पानही शिरलं नाही. लॉकनट सैल करा, वरचा चौकोनी टोकाचा स्क्रू पान हलक्या घासणीने सरकेल इतका फिरवा आणि स्क्रू धरून ठेवत लॉकनट आवळा. आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. मी तीनदा मोजलं. घासणी कशी असावी हे शब्दांत सांगणं अवघड आहे. मिटलेल्या पुस्तकातून एकच कागद ओढताना हाताला जेवढं जाणवतं, साधारण तेवढी. झाकणांच्या ओ-रिंगा तडकल्या असतील तर बदला, नाहीतर तिथून ऑइल पाझरतं आणि सायलेन्सरवर जळून वास येतो.

त्या दिवसानंतर दुसरं चित्रही वहीत आलं नाही.

चालता चालता दहा मिनिटांनी गुदमरते

ही तक्रार माझ्या गाडीत नव्हती, पण अशा गाड्यांत ती इतकी होते की सोडून देता येत नाही. टाकीतून पेट्रोल जेवढं खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक भोक किंवा छोटी नळी असते. चिखलाने ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोल उतरेनासं होतं आणि गाडी भुकेने गुदमरते. पाच-दहा मिनिटांनी आपोआप ठीक होते, त्यामुळे हिलाही लोक गरम इंजिनाचा बिघाड समजतात. फरक ओळखायची रीत सोपी आहे. बंद पडल्याबरोबर गाडीवरून मूल उतरवा आणि टाकीचं झाकण सैल करा. फुस्स असा आवाज आला आणि गाडी लगेच स्टार्ट झाली, तर दोषी झाकण. उभ्या गाडीवरही पाहता येतं. कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून काचेच्या बरणीत सोडा, कॉक उघडा आणि धार पाहत राहा. सुरुवातीला जाड आणि मग बारीक होत जाणारी धार, झाकण उघडताच पुन्हा जाड झाली, की शंका उरत नाही. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली तर कॉकमधली जाळी किंवा फिल्टर पाहा.

काही गाड्यांत इंजिनाच्या ओढीवर उघडणारा व्हॅक्यूम कॉक असतो. त्यात धार अशी पाहता येत नाही, कारण इंजिन फिरल्याशिवाय तो पेट्रोल सोडतच नाही. त्याच्या व्हॅक्यूमच्या नळीत पेट्रोल सापडलं तर आतला पडदा फाटलेला आहे, कॉक बदला.

एकदम तुटते

स्विच दाबल्यासारखी तुटत असेल तर पेट्रोल सोडा, करंट पाहा. बंद पडल्याबरोबर, गरम असतानाच, जवळचा दुसरा प्लग टोपीत घालून त्याचा धातू इंजिनाला टेकवा आणि सेल्फ मारा. मूळ प्लग जागेवरच राहू द्या, म्हणजे पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. ठिणगी नाही, किंवा लालसर आणि अशक्त आहे, तर आधी सर्वांत साधी गोष्ट करा. प्लगची टोपी वायरवर स्क्रूसारखी बसवलेली असते. ती उलटी फिरवून काढा, वायरचं टोक पाच मिमी कापा आणि ताज्या तांब्यावर परत बसवा. निम्म्या वेळा काम इथेच होतं असा माझा अनुभव आहे. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी ठेवा.

मुलांच्या गाडीला बंद करायच्या वाटाही जास्त असतात: हँडलवरचा स्विच, मागे ओढायची दोरी आणि काही गाड्यांत पालकांच्या हातातला रिमोट. यातल्या कुठल्याही स्विचमध्ये पाणी शिरलं किंवा संपर्क गंजला तर ठिणगी जाते. निदानासाठी एकेक कनेक्टर काढून सेल्फवर ठिणगी परत येते का ते पाहता येतं. पण दोषी सापडला की तो बदला आणि सगळे जोडा. दोरीचा स्विच कायमचा काढून ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पडलेल्या मुलाच्या अंगावर चालू इंजिनाची गाडी येऊ नये म्हणून तो स्विच असतो. स्टार्टिंगच्या त्रासावर तो उपाय होऊच शकत नाही.

गरम झाल्यावर ठिणगी जाते आणि थंड झाल्यावर परत येते, तर इग्निशन कॉइल किंवा फ्लायव्हीलजवळची, ठिणगीची वेळ सांगणारी पल्सर कॉइल संशयित. तारेचा रोध थंड आणि गरम मोजून मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून पाहा.

बॅटरीचं थोडक्यात. सेल्फ फिरतच नसेल तर आधी ब्रेक दाबलेला आहे का आणि गाडी न्यूट्रलला आहे का ते पाहा, बहुतेक गाड्या त्याशिवाय सेल्फ फिरूच देत नाहीत. नुसती टकटक येते तर बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करा. रेस दिल्यावर १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवेत.

बसवून झाल्यावर, मूल बसण्याआधी

कार्ब्युरेटर बसवताना एक चूक जिवावर बेतू शकते. थ्रॉटलच्या केबलला लोंबणारा पितळी किंवा काळा नळकांड्यासारखा स्लाइड आत एकाच पद्धतीने बसतो. त्याची लांब खाच कार्ब्युरेटरच्या आतल्या खिळ्यावर यायला हवी. उलटा घालून झाकण दाबून आवळलं तर स्लाइड अर्धवट उघडाच अडकतो आणि गाडी स्टार्ट होताच पूर्ण रेस घेते. म्हणून सेल्फ मारण्याआधी अंगठ्याचा थ्रॉटल पूर्ण दाबा आणि एकदम सोडा. आतून टक असा आवाज यायला हवा आणि थ्रॉटल झटक्यात परत यायला हवा. हेच हँडल पूर्ण डावीकडे वळवून, मग पूर्ण उजवीकडे वळवून करा. एका बाजूला जरी आळसावला तर केबल कुठेतरी ताणली किंवा दुमडली आहे. थ्रॉटलच्या घरावर वेग मर्यादित ठेवणारा छोटा स्क्रू असतो, तो पूर्वीइतकाच आत आहे ना तेही पाहा. वेग किती असावा हे मुलाच्या तयारीवर ठरतं, दुरुस्तीच्या गडबडीत तो नकळत वाढता कामा नये.

पहिल्यांदा स्टार्ट करताना मागची चाकं पक्क्या स्टँडवर उचललेली हवीत. जॅकवर किंवा विटांवर भरवसा ठेवू नका. क्लच आपोआप लागणारा असतो, रेस मिळाली की चाकं फिरतातच. मग दोरी ओढून इंजिन बंद होतं का, हँडलच्या स्विचने होतं का, दोन्ही ब्रेक धरतात का ते पाहा. हाताशी वेळ असेल तर एअर फिल्टरचा स्पंज काढा. कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टर ऑइल लावून पिळून बसवा. पेट्रोलने धुतला तर स्पंजचा चिकट गोंद सुटतो आणि तो तुकड्या-तुकड्यांनी इंजिनात जातो. चेनचा सैलपणा आणि टायरची हवाही तेव्हाच पाहा. या टायरांत हवा अगदी कमी, अनेकदा ५ पीएसआयच्या आत असते, नेमका आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये पाहा. गाडीच्या टायरांचा नेहमीचा गेज तेवढं बारीक दाखवत नाही, कमी दाबाचा वेगळा लागतो.

माझ्या वहीत आता महिन्याला एकच ओळ असते. टॅपेट दर हंगामाच्या सुरुवातीला मोजतो. मागच्या खेपेला एक्झॉस्ट ०.०४ वर आला होता, परत ०.०५ केला. पाइप अजून मऊ आणि आतून स्वच्छ आहे. गाडी आठवड्याहून जास्त उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट चेंबर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं असतं, आणि ते काम लेकीने स्वतःकडे घेतलं आहे. कॉक बंद करून ती शेजारी उभी राहते. आधी काही होत नाही, मग आवाज क्षणभर वर चढतो, मग इंजिन दोनदा अडखळतं आणि थांबतं. तेव्हा ती चावी काढून माझ्याकडे आणून देते.